थंडी कुणाची

कुपवाडात मे महिन्यात दुपारी एक वाजता रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. त्या वेळी आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या पत्र्याला पाठ लावून सोळा बायका बसलेल्या असायच्या. उन्हात. पाच पावलांवर कडुलिंबाची दाट सावली होती, पण तिथं कुणी जायचं नाही. रस्त्यानं जाणारे गाडीवाले वळून वळून बघायचे. एकदा एकानं गाडी थांबवून विचारलं, "आवं मावशी, सावलीला बसा की. भोवळ यील."

त्यावर त्यांच्यातली एक उंच, सडपातळ, कपाळावर हिरवं गोंदण असलेली बाई म्हणाली, "गारवा लय खाल्ला बाबा सकाळधरनं. आता जरा ऊन वाढू दे पानात."

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. ती तानुमावशी.

तिच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात आहे. मला नीट जमेल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अब्बा रहिमतपूरला शिलाईकाम करतात, आणि मी कुपवाडात खालाकडे, अम्मीच्या बहिणीकडे, राहून सांगलीच्या कॉलेजात शिकते. फीला हातभार म्हणून या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम धरलं. लेबलं लिहायची, हजेरी घ्यायची, हंगाम सुरू झाला की बायकांना फोन करून बोलवायचं. शांतपणे लिहावं असं दर वेळी ठरवते आणि चार ओळींनंतर अक्षर वाकडं व्हायला लागतं. रागानं.

कोल्डच्या दारावर तांबडे आकडे होते. चार, कधी पाच. एवढ्या थंडीत बेदाणा वर्षभर टिकतो. माणूस किती वेळ टिकतो, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. बायकांचं खरं काम बाहेरच्या हॉलमधलं, बेदाणा निवडायचं. पण हमाल कमी पडायला लागले तसं त्यांनाच आत पाठवायला सुरुवात झाली. गाडी आली की आत जायचं, थप्पीवरची खोकी काढायची, बाहेर द्यायची. दाराशी एका खिळ्यावर चार जुनी जाकिटं टांगलेली होती. बाया सोळा. एक बाहेर आली की दुसरीनं तेच जाकीट चढवायचं. आधीचीचा घाम आणि ऊब, दोन्ही त्यात असायचं. गाडी घाईची असली की सोळाजणी एकदमच आत जायच्या. मग कुणी पोराचा शाळेचा स्वेटर घालायची, कुणी कानाला टॉवेल गुंडाळायची.

तानुमावशी जाकिटाला हात लावायची नाही. तिचं घोंगडं होतं. काळं, जाड, पावसाळी मेंढरासारखा वास येणारं. त्याची खोळ करून ती डोक्यावरून घ्यायची आणि आत शिरायची. बेदाण्याच्या पांढऱ्या खोक्यांच्या भिंतींमधून ते काळं टोक हलताना दिसायचं. सुपरवायझर संदीप तिला म्हणायचा, "मावशी, अस्वल आलं म्हणून पळ काढतील लोक."

"पळू दे की. तेवढंच पाय गरम हुतील त्येंचं."

ती जतच्या पलीकडची. लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. कळपात प्रत्येकाच्या मेंढराला रंगाची वेगळी खूण असते म्हणे. त्या सवयीनं असेल, पण तिला बेवारशी वस्तू खपायची नाही. जमिनीवर डब्याचं झाकण दिसलं की ते उचलून हॉलभर फिरायची, "कुणाचं हाय? आगं, कुणाचं हाय?" धनी सापडेपर्यंत खाली बसायची नाही. एकदा एका चपलेसाठी तिनं गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा दोन्ही पाय दाखवायला लावले होते.

तिचा दुसरा स्वभाव असा, की ती कुणालाही शिवी द्यायची नाही आणि आवाजही चढवायची नाही. राग आला की ती प्रश्न विचारायची. साधा, लहान मुलानं विचारावा तसा. पण तो प्रश्न ज्याला विचारलाय त्याला दिवसभर बोचत राहायचा.

माझ्या पहिल्या हंगामात नवे मॅनेजरसाहेब आले. त्यांनी मला बोलावून नोटीस सांगितली आणि मी ती लिहिली. "लोकरीचा दोरा मालात पडतो. त्यामुळे उद्यापासून कोल्डमध्ये घोंगडी, शाल, लोकरीचे कपडे चालणार नाहीत. प्रत्येकीने कंपनीचे निळे जाकीट घेणे आवश्यक आहे. जाकीट ऑफिसात मिळेल. रक्कम हजेरीतून कापली जाईल." निळ्या स्केचपेननं लिहिली. खाली लाल दुहेरी रेघ मला कुणी सांगितली नव्हती. छान दिसावी म्हणून मीच मारली. ते आठवलं की अजून स्वतःचीच लाज वाटते. चार दिवसांची हजेरी त्या एका जाकिटात जाणार होती. खिळ्यावरची चार जुनी जाकिटं त्याच दिवशी काढून टाकली.

तानुमावशीला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षर लय ग्वाड हाय तुजं. वाकडं काढलं असतंस, तर निदान वाचताना जीभ तरी अडखळली असती."

आणि सरळ ऑफिसात गेली. मी मागोमाग गेले, कारण माझं टेबल तिथंच होतं. पुढचं बोलणं मी जवळून ऐकलं आहे.

"सायब, लोकरीचा दोरा मालात पडतो म्हणता, त्ये खरं हाय. म्या सवता काढलाय एकदा. उद्यापासनं घोंगडं आणत न्हाई."

"शाब्बास. मग जाकीट घ्या."

"द्या की."

"द्या की म्हणजे? विकत घ्या. हजेरीतून कापून घेऊ हळूहळू."

तानुमावशी टेबलाजवळ सरकली. "एक इचारू का? ती थंडी कुणाची हाय?"

"काय?"

"आत जी थंडी हाय ती. माजी हाय का? मला माज्या खोलीत जाकीट लागत न्हाई, बाजारात लागत न्हाई, गावाकडं लागत न्हाई. तुमच्या दारातनं आत पाय टाकला की लागतं. थंडी तुमी केलीया, मशीन लावून, तुमच्या बेदाण्यासाठी. मग तिचं पांघरूण माजं कसं?"

साहेब हसले. "मावशी, कपडे ज्याचे त्यानंच घ्यायचे असतात. उद्या म्हणाल, साड्यापण कंपनीनं घ्याव्यात."

"साडी मी गावात बी नेसती. हे जाकीट घालून लग्नाला जाईन व्हय?"

साहेबांनी फोन उचलला, म्हणजे बोलणं संपलं असं दाखवलं. ती हलली नाही. "माजा बाप दुसऱ्याच्या मेंढरांमागं सालानं हुता. धनी अडाणी, अंगठेबहाद्दर. पर सालाच्या बोलीत ठरल्यालं असायचं, एक घोंगडं, एक जोडी वहाणा. मागाय लागायचं न्हाई. गडी पावसात गारठला तर मेंढरं कोण राखणार, येवढं त्याला शाळा न शिकता कळत हुतं."

"तो जमाना गेला, मावशी."

"गेला खरा," ती म्हणाली. "जाताना घोंगडं घिऊन गेला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं घोंगडं आणलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिनं शब्द दिला होता. आत जाताना ती दोन पोलकी घालायची, पदर छातीवर आवळून बांधायची आणि लोकांच्यापेक्षा जास्त वेगानं काम करायची. बाहेर आली की तिच्या हातात पाण्याचा तांब्या राहायचा नाही. मी दोन्ही हातांनी तांब्या धरून तिच्या तोंडाला लावायची. त्या वेळी ती माझ्याकडे बघायची नाही.

जाकीट फक्त कमलनं घेतलं. कमल नवी होती, घाबरट होती, घरी दोन लहान मुली होत्या. आठव्या दिवशी त्या जाकिटाची चेन निघून हातात आली. मी शिंप्याची मुलगी, मला शिवण बघून कळलं की ते जाकीट थंडीचं नव्हतंच. आत कापूस नाही, अस्तर नाही, नुसतं वारा अडवणारं कापड. कमल रडायला लागली, कारण बाकीच्या तिला आधीच टोमणे मारत होत्या, "आमच्यात न्हाईस तू, सायबाची हायस." तानुमावशी तिला एक शब्द बोलली नाही. उन्हात बसून तिनं सुईदोऱ्यानं ती चेन शिवून दिली. बोटं बधिर होती, सुई दोनदा टोचली, रक्त आलं ते तिला दिसल्यावरच कळलं. बाकीच्यांना एवढंच म्हणाली, "तिला कशाला बोलताय गं? तिनं कुणाचं काय घेतलंया? तिच्याकडनंच घेतलंया."

मग पाहुणे यायचे ठरले. आमचा बेदाणा परदेशात घेणाऱ्यांच्या वतीनं कुणी तपासायला येणार होतं. माल कसा ठेवता, कामगारांना कसं वागवता, सगळं बघणार होतं. आदल्या दिवशी हॉल धुतला. सकाळी संदीप एक मोठं खोकं घेऊन आला. त्यात सोळा जाकिटं होती. जाड, आतून मऊ, टोपी असलेली, खरी थंडीची. बायका हात लावून बघायला लागल्या. एकीनं गालाला लावलं.

संदीप खाली मान घालून म्हणाला, "गळ्यातली किमतीची चिठ्ठी कुणी तोडायची न्हाई. आत दुमडा. आन डाग पडू देऊ नगा."

"का रं?" तानुमावशीनं विचारलं.

"संध्याकाळी दुकानात परत द्यायचीत."

तपासणीला आलेल्या मॅडम मराठीच होत्या, पुण्याकडच्या असाव्यात. हातात टॅब होता. बोलायला फार गोड. बायकांना एकेक प्रश्न विचारत आल्या. पाणी मिळतं का, बाथरूम आहे का. मी बाजूला नावांची यादी धरून उभी होते. तानुमावशीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "हे जाकीट तुम्हाला कंपनीनं दिलंय का?"

"व्हय," तानुमावशी म्हणाली. "आज दिलंया."

मॅडमनी टॅबवर बोट टेकवलं. हो किंवा नाही, एवढंच त्यात होतं. आजला जागा नव्हती.

तानुमावशीला ते कळलं असावं. तिनं सावकाश पाठ वळवली, मान पुढे वाकवली आणि मागे हात नेऊन कॉलरमधली ती चिठ्ठी बाहेर काढली. पांढरी, कडक, दोऱ्याला लटकणारी. ती तशीच उभी राहिली, पाठमोरी. मला वाटलं, आता झालं. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला. मॅडम पुढे झाल्या, हसल्या, आणि अगदी मायेनं, बाईनं बाईचा पदर सावरावा तशी ती चिठ्ठी उचलून परत कॉलरच्या आत घातली. म्हणाल्या, "नवीन आहे वाटतं. छान दिसतंय हं मावशी." आणि पुढच्या बाईकडे गेल्या.

मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला मराठी येतं. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. "मॅडम, ही जाकिटं संध्याकाळी परत जाणार आहेत," एवढं एक वाक्य. मी यादीवरची पुढची नावं वाचली.

पाच वाजता पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि संदीप खोकं घेऊन दारात उभा राहिला. बायका जाकिटं काढून देत होत्या. एकीच्या बाहीला डाग दिसला म्हणून साहेब ओरडले. ती ओल्या रुमालानं घासत बसली. तानुमावशीची पाळी आली तेव्हा तिनं विचारलं, "सायब, थंडी पाव्हण्यांसंगं गेली व्हय?"

 तिनं जाकीट काढलं, घडी घातली, खोक्यात ठेवलं. दिवसभर चिठ्ठी घासून तिच्या मानेवर लाल ओरखडा उठला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोठी गाडी लागली. माल बंदरावर जायचा होता. संदीपनं हाक मारली, "चला, आत." कुणी उठेना. सोळाच्या सोळा पत्र्याला पाठ लावून बसलेल्या. आधी काही ठरलेलं नव्हतं, हे मला नंतर कमलनं सांगितलं. तानुमावशी बसून राहिली आणि तिच्या शेजारची बसून राहिली, एवढंच.

साहेब बाहेर आले. "हे काय? काम करायचं नाही?"

"करायचं की," तानुमावशी म्हणाली. "निवडायचं, भरायचं, झाडायचं, भाईरचं समदं करतो. आत तेवढं तुमी जावा. थंडी तुमची हाय."

"संदीप, यांना समजाव."

संदीप पुढे आला. त्याच्या अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट होता. तानुमावशीनं त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "बाळा, ह्यो शर्ट कुणी दिला तुला?"

संदीपनं शर्टाकडे बघितलं. मग पुटपुटला, "पगारातनं गेला की."

"आन नाव त्येंचं?"

बायका हसल्या. संदीपही हसला आणि साहेबांकडे बघून पटकन गंभीर झाला. तानुमावशी सरकून बसली. "ये हितं. लय जागा हाय उन्हात."

गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, बाह्या सारून म्हणाले, "एवढं काय आहे आत? दाखवतोच." आणि दार उघडून स्वतः शिरले. मागोमाग संदीप. आम्ही सगळ्या दाराकडे बघत होतो.  खोकी बाहेर येत होती. एक, मग दुसरं, मग बऱ्याच वेळानं तिसरं. दहा मिनिटंही झाली नसतील, साहेब बाहेर आले. बाहेरच्या गरम हवेनं त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, त्यांना पायरी दिसेना. भिंतीला हात लावून चाचपडत होते. हसू फुटलं सगळ्यांना.

तानुमावशी उठली, त्यांचा दंड धरला आणि पायरी उतरवली. म्हणाली, "बसा सायब उन्हात. हात चोळू नगा, दुखत्यात. नुसतं धरा."

आणि ते बसले. दोन मिनिटं खरंच बसले, बायकांच्या रांगेत. मला तेव्हा वाटलं, आता यांना कळलं. मी तेव्हा फार भोळी होते. कळतं सगळ्यांनाच. कळल्यावर माणूस काय करतो, तो प्रश्न वेगळा.

दुपारी दोनला संदीप जाकिटं घेऊन आला. कालच्यातलीच, आता चिठ्ठी काढलेली. पण सहा. मालकांनी फोनवर सहाच कबूल केली होती. पाळीपाळीनं घाला म्हणाले. बायका लगेच उठल्या. त्यांना दोष देत नाही. सकाळपासून सगळ्यांना काम जायची भीती होती. "मावशी, सहा तर सहा. न्हाईपेक्षा बरं." तानुमावशी म्हणाली, "बाया सोळा हायती," पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. सहाजणींनी जाकिटं चढवली. ती सर्वांत शेवटी आत गेली, जाकिटाशिवाय.

हंगाम संपला. पुढच्या वर्षी बेदाणा यायला लागला तेव्हा साहेबांनी मला बायकांची यादी दिली आणि देतादेता एका नावावर पेन फिरवलं. "हिला नको. काम चांगलंय, तोंड फार." तिला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर निदान कुणीतरी काढलं असतं, कुणाला तरी जाब विचारता आला असता. हंगामी माणसाला काढावं लागतच नाही. फोन करायचा नाही, बस. आणि तो फोन न करणारी मी होते.

आठवड्यानं तिचाच फोन आला. "पोरी, हंगाम लागला का गं?"

मी म्हणाले, "अजून नाही, मावशी."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. सांगलीच्या एसटी स्टँडवर, जतच्या गाडीपाशी. हातात पिशवी, डोक्यावर पदर. हंगामभर कुठं कुठं द्राक्षाच्या बागेत काम केलं आणि आता गावी चालली होती. मला बघून ती थांबली. मी तिच्याजवळ गेले आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाले, "मावशी, मी खोटं बोलले तुमच्याशी."

"ठावं हाय. फोनात मागं खोकी आदळल्याली आयकू येत हुती. त्यो आवाज मला कळत न्हाई व्हय?"

"रागावलात?"

"तर! लय." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "पर तुज्यापशी त्यो राग ठिवून काय करू? तू त्यातनं फी भरणार." मग एकदम, जणू मधे काहीच घडलं नाही अशा आवाजात, "जाकिटं किती हायती आता?"

"सहाच आहेत. एकाची चेन गेलीय."

"म्हंजी पाच. आन बाया?"

"अठरा."

ती मनात हिशेब करत होती, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. लोक ढकलाढकली करत चढायला लागले. ती चढली. मी खाली उभी राहिले. मला विचारायचं होतं की तुम्ही परत कधी याल, पत्ता काय, काही लागतं का. गाडी मागे सरकली, वळली. खिडकीच्या गजांतून ती काहीतरी ओरडून सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द कळेना. मी कानाला हात लावून मान हलवली.

तेव्हा तिनं दोन्ही हात गजांबाहेर काढले. आधी दहा बोटं दाखवली. मग तीन.